वहिनींच्या हातची चव

किनाऱ्यावरच्या त्या गावात वहिनी म्हटलं की एकच बाई. सख्ख्या दिरापासून होडीवाल्यापर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणायचे, दरवर्षी हवापालटाला येणारे पाहुणेसुद्धा. नवरा गेल्यावर त्यांनी घराच्या समुद्राकडच्या खोल्या रंगवून घेतल्या आणि पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाची सोय सुरू केली. खोल्या काही देखण्या नव्हत्या. पंखे कुरकुरायचे, न्हाणीत वाळू साचायची. पण त्यांच्या हातचा माशाचा रस्सा एकदा जेवलेला माणूस पुढच्या वर्षी आणखी चार जणांना घेऊन यायचा. भिंतीपलीकडे धाकट्या जावेनं लॉज थाटलं होतं. तिथे एसी होता, चकचकीत फरशी होती, गच्चीवर झोपाळे होते. तरी वहिनींकडे जागा नसली तरच पाहुणे तिकडे वळायचे. धाकटी हसतमुखानं त्यांची सोय करायची आणि आतल्या आत जळायची.

मग वहिनी ओल्या पायरीवरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शहरातल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, जखम चिघळली, तापानं अंथरुणाला खिळल्या. पुढे मुलाकडेच राहणं झालं. निघताना घराची किल्ली आणि बुकिंगचा फोन त्यांनी धाकटीच्या हातात दिला होता. घरचंच माणूस, दुसऱ्या कुणाकडे देणार?

परत आल्या तेव्हा हंगाम भरात होता. वहिनी निम्म्या झाल्या होत्या. केस कापलेले, पाठीला बाक, हातात काठी. मुलानं गाडी त्यांच्या दारात न थांबवता काकूच्या दारात थांबवली. मधली भिंत पाडलेली होती आणि वहिनींच्या खोल्यांवर धाकटीची पाटी लागली होती. मुलानं खाली मान घालून सांगितलं, खोल्या काकूला चालवायला दिल्यात, तुझ्याच्यानं आता होणार नाही. मागे कोठीची खोली झाडून ठेवली होती. वहिनींच्या मनाला ते फार लागलं. पण पायऱ्या चढताना दम लागला, तेव्हा त्यांना वाटलं, पोराचंही खरंच असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या धक्क्यावर गेल्या. होडीवाला पाहुण्यांना लाइफ जॅकेट चढवत होता. वहिनींना पाहून त्याचा चेहरा उतरला. त्यानं त्यांना बाजूला, जाळ्यांच्या ढिगामागे घेतलं.

"वहिनी, हंगाम संपेपर्यंत असं बाहेर फिरू नका."

"का रे? काय झालं?"

"पाहुण्यांना सांगितलंय ना." तो जाळं चाचपत राहिला. "तुम्ही गेलात म्हणून."

वहिनींना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यांनी विचारलं, मग तू काय सांगतोस त्यांना? तो म्हणाला, मला कुणी विचारलं तर मीही मान हलवतो. त्याच्या होडीला गिऱ्हाइकं धाकटीच पाठवत होती. पाववाल्याचं तेच, रिक्षावाल्याचं तेच. सगळा गाव मूग गिळून बसला होता.

वहिनी तिथून थेट धाकटीकडे गेल्या आणि तिला जाब विचारला. ती ग्लास पुसत होती. तिनं नाकारलंही नाही.

"आधी सांगत होते, आजारी आहेत. तर लोक म्हणायचे, बऱ्या झाल्या की येऊ. मग म्हटलं, गेल्या. तेव्हापासून एकानंही बुकिंग रद्द केलं नाही, जाऊबाई. रडतात आणि येतात. आणि तुमच्या मुलाला विचारूनच केलंय."

वहिनींनी मुलाला फोन लावला. "आई, नुसतं बोलण्यापुरतं आहे गं," तो म्हणाला. "कागदोपत्री तू आहेसच की."

धाकटीला रस्सा मात्र जमत नव्हता. तिनं वहिनींना स्वयंपाकघर सांभाळायला सांगितलं. वहिनींनी साफ नकार दिला. त्या दुपारी त्यांचं ताट उशिरा आलं. दुसऱ्या दिवशी आलंच नाही. दीर अंगणातून तीनदा गेला, पण खोलीकडे त्यानं पाहिलं नाही. संध्याकाळी वहिनी काठी टेकत स्वयंपाकघरात गेल्या आणि मासे साफ करायला बसल्या.

तेव्हापासून स्वयंपाकघराच्या भिंतीआडून रोज पाहुण्यांचं बोलणं कानावर पडायचं. अगदी वहिनींच्या हातची चव, असं कुणीतरी म्हणायचंच. मग धाकटीचा आवाज ओला व्हायचा. शेवटी शेवटी त्यांनी मला जवळ बसवून शिकवलं हो.

एका दुपारी आवाज आला तो शाळेतल्या बाईंचा. या बाई कितीतरी वर्षं सुट्टीत पाहुण्या म्हणून येत होत्या आणि रात्र रात्र वहिनींशी गप्पा मारत बसायच्या. वहिनींना राहवलं नाही. मसाल्याच्या हातानंच त्या जेवणाच्या खोलीत गेल्या.

"बाई, मी आहे. मी गेले नाही."

बाई दचकून उठल्या. वहिनींच्या चेहऱ्याकडे, कापलेल्या केसांकडे पाहत राहिल्या. आणखी क्षणभरात त्यांनी ओळखलं असतं. पण धाकटी पुढे झाली आणि तिनं वहिनींच्या खांद्यावर हात ठेवला.

"वहिनींची थोरली बहीण," ती हळूच म्हणाली. "चेहरा तोच आहे ना? बहीण गेल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय. स्वतःलाच वहिनी म्हणवतात. आम्ही सांभाळतो."

"खोटं आहे," वहिनी म्हणाल्या. "तुमची लेक झोपाळ्यावरून पडली होती, बाई. हनुवटीला टाके पडले. मी रात्रभर मांडीवर घेऊन बसले होते."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी धाकटीकडे पाहिलं.

"बहिणीनं सांगितलं असणार यांना," त्या म्हणाल्या. "किती जपून ठेवलंय बिचारीनं."

शेजारच्या टेबलावरची माणसं जेवायची थांबली होती. दाराशी पाव घेऊन आलेला पाववाला सगळं ऐकत होता. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं टोपली खाली ठेवली, पाव मोजले आणि निघून गेला.

बाईंनी वहिनींना आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. स्वतःच्या हातानं वाटीत रस्सा वाढला, पाव मोडून पुढे ठेवला आणि पाठीवरून हात फिरवला.

"खा थोडं," त्या म्हणाल्या. "तुमच्या बहिणीच्या हातची चव आहे बघा. अगदी तीच."

सगळे पाहत होते. वहिनींनी पाव बुडवला आणि खाल्ला. वाटी रिकामी होईपर्यंत धाकटीनं खांद्यावरचा हात काढला नाही. मग ती त्यांना उठवून आत घेऊन गेली, कारण दुसरी पंगत बसायची होती आणि मासे अजून चिरायचे होते.