दोन जादा काप

रिपोर्टवर सही केल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. हिरडीवरची गाठ, रुग्ण चौतीस वर्षांची शिक्षिका, निदान लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग. पेशी ओळखायला लावलेल्या रंगांपैकी दोन जुळले होते, तिसरा बसला नव्हता. रंगच शिळा असेल, असं म्हणून मी वेळ मारून नेली होती. आज तीन वाजता तिला पहिलं औषध चढणार होतं.

सकाळी काच पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. कोपऱ्यात लालसर दाण्यांच्या तीन-चार पेशी. काल मी त्यांना वाट चुकलेले पाहुणे समजले. त्या घरच्याच, गाठीच्याच असल्या तर? मग हा लिम्फोमा नव्हेच, ल्युकेमिया, रक्ताचा कर्करोग; रक्तात दिसण्याआधी हिरडीत ठाण मांडून बसलेला. रक्ताचा रिपोर्ट स्वच्छ, म्हणून कुणाच्या मनातही आला नाही. त्याचं औषध पार वेगळं. खात्रीला गाठीच्या नव्या कापावर आणखी एक रंग लावायला हवा होता.

"ठोकळ्यात गाठीचं काही उरलं नाही, नुसतं मेण आहे," पातळबाई म्हणाल्या. गाठीचे काप त्या इतके पातळ घेतात, की लॅबमध्ये त्यांचं तेच नाव पडलंय.

"सगळं संपवलंत? जरा तरी हात राखायचा," मी डाफरले. राग खरं तर माझा माझ्यावरच होता.

"ओरडणार नसाल तर एक सांगते."

"सांगा."

त्यांनी कपाटामागून चपटी डबी काढली. "पहिल्याच दिवशी दोन जादा घेऊन ठेवले होते. तुम्ही नको म्हणता, तरी."

मागच्या महिन्यात त्यांचा असल्या कापांचा अख्खा खण मीच रिकामा करायला लावला होता. अडगळ म्हणाले होते.

अडीचला रंग तयार झाला. पेशी तपकिरी, एकूण एक; रंग बसला होता. ल्युकेमियाच.

मी वॉर्डात फोन लावला. "औषध थांबवा. निदान चुकलंय, माझं."

"सुई टोचलीय, औषध जोडायचं बाकी होतं," पलीकडून डॉक्टर म्हणाले.

फोन ठेवून मी वळले. पातळबाई काप घेण्याच्या यंत्राचं पातं पुसत होत्या.

"असे जादा काप अजून कुणाकुणाचे आहेत?"

"या महिन्याचे सगळ्यांचे."

"आणि त्याआधीचे?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "ते तुम्ही टाकायला लावलेत ना."