पल्याडची बोली

“अगं, हात काढ की तोंडावरनं! गुदमरलो ना मी,” आबा माझ्या तळहाताखालून म्हणत होते, आणि मी दोन्ही हातांनी त्यांचं तोंड घट्ट दाबून धरलं होतं. दारात बैल जुंपलेले, गाडीत शेजारच्या मेहबूबचाचांच्या कागदाचे गठ्ठे रचलेले. ते पुण्याला पोचवायचे होते. त्या दिवशीही गाडी निघाली नाही.

साल एकोणीसशे दहा. जुन्नरात ते शेंडेनक्षत्राचं, म्हणजे धूमकेतूचं साल म्हणूनच लोकांच्या लक्षात राहिलं. मी, आबांची लेक भागू, तेव्हा आठ वर्षांची.

त्याआधीच्या थंडीत माझी आई गेली होती. पलेगाच्या गाठीचा ताप आला तशी तिला गावाबाहेरच्या झोपड्यांत न्यायचं ठरलं. आपल्याकडं घरातून निघताना बाईमाणूस ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतं. आईनंच ते मला शिकवलं होतं. पण त्या दिवशी ती तापानं फणफणलेली होती, आणि मी जवळ येऊ नये म्हणून तिची घाई चालली होती. गाडीत बसताना ती म्हणाली, “भागू, जाते गं.” शब्द जिभेवरून निसटला.

पुढं बायका बसायला आल्या, तेव्हा घाटघरची कुशाबाई आत्या कपाळावर हात मारून म्हणाली, “वैनीच्या तोंडून निगालंच कसं ते! जाते म्हनली, आन् गेलीच बघा.” आत्या मनानं वाईट नव्हती. पण कोपऱ्यात बसून मी ते ऐकलं, आणि त्या दिवसापासून माझं बोलणं बंद झालं. आबा कुठं निघाले की मी उठून त्यांचं तोंड दाबायची. आईसारखी शहाणी बाई चुकली, तर आबा चुकणार नाहीत कशावरून?

आबा गाडीवान. गाडी दारात उभी राहिली तर चूल कशी पेटायची? चाचा भला माणूस, पण त्यांचेही गठ्ठे अडून राहिले होते. शेवटी आत्या म्हणाली, “दादा, पोरीला मी घाटघरला नेते. तितं गुरांमागं फिरंल, इसरंल. मिरगाच्या आदल्या बाजाराला येते न्यायाला.” आबा उठून बैलांकडं गेले. बैलाच्या मानेवरची गोचीड काढत बसले. मला आबांपासून दूर जायचं नव्हतं. पण ते सांगायला तोंड उघडावं लागलं असतं.

दिवसा मी जोहरामावशीजवळ असायची. मेहबूबचाचांची बायको ती. जुन्नरातले कागदी ते. चाचा पायानं ढेंकी मारून चिंध्यांचा लगदा कुटायचे, त्याचे ताव भिंतीवर वाळत लागायचे, आणि वाळलेले ताव मावशी फळीवर ठेवून गुळगुळीत दगडानं घोटायची. उंच, हाडकुळी बाई. घोटून घोटून उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलेला. दिवसभर ढेंकीचा धप्प धप्प आणि दगडाचा सर्र सर्र. तिनं मला कधी ‘बोल’ म्हटलं नाही. ती आपली स्वतःच बोलत राहायची.

वैशाखात तिन्हीसांजेला शेंडेनक्षत्र शिवनेरीच्या अंगाला दिसायला लागलं. आळीतली माणसं बघायची आणि घाबरून दारं लावायची. कुणी म्हणे दुष्काळ येणार, कुणी म्हणे पुन्हा पलेग. मी मावशीच्या पदरात तोंड खुपसलं.

“घाबरतीस कशाला? गाडी हाय ती,” मावशी म्हणाली. “पल्याडच्या मुलखातली. मागं शेंडा दिसतोय ना, ती चाकांची धूळ.”

मी हळूच मान वर केली.

“लई लांबचा मुलूख. तितल्या बैलांना सा पाय. चार चालायला, दोन इसाव्याला. म्हनून गाडी कुटं थांबतच न्हाई.”

गाडीवानाच्या पोरीला ते सहन होईना. मधले इतके महिने कुठं गेले कोण जाणे, माझ्या तोंडातून निघालं, “मग जू कुठं ठेवतात?”

मावशीनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मी आधीपासून बोलतच होते अशा थाटात ती म्हणाली, “तेच तर मला सुदरंना. तू सांग.”

मी विचार केला. “दुसऱ्या पायाच्या वर. वशिंड तिथं असणार.”

“बराबर. आता कळलं.”

तिथून आमचा पल्याडचा मुलूख वाढत गेला. तिथं घोटारी नावाची पाखरं होती. त्यांची चोच दगडाची. ती ढग घोटून गुळगुळीत करत, त्यामुळं ढगांवर लिहिता येई. तिथल्या नद्या सकाळी डोंगर उतरत आणि संध्याकाळी गुरांसारख्या वर आपल्या गोठ्यात परत येत. सांजवड नावाचं झाड दिवसभर आपली सावली पानांत गुंडाळून ठेवी आणि उन्हं कलली की पसरी. लग्नात हळद नसे. नवरानवरीला एकमेकांची चिमूटभर सावली लावत. मांजरं रवंथ करत; ते माझं होतं. घरांना उंबरे नव्हते, ते मावशीचं.

“आन् कागद?” ढेंकीवरून चाचा ओरडायचे. “कागद कोन घेतं का तितं?”

“तुमच्यासारका फाटका कुनी न्हाई घेत,” मावशी म्हणायची, आणि चाचांचा पाय हसण्यानं चुकायचा.

त्या मुलखात एक मुलगी होती, जैबू. सहा पायांचं एक वासरू तिच्या मागं मागं फिरे. मावशी तिची कधी वेणी घाली, कधी तिला रागवे. जैबूचं नाव आलं की चाचा मात्र मध्ये बोलत नसत. मी ते पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ मला लागला नव्हता.

मी आता बोलत होते. पण आबा निघाले की हात तोंडावर जायचाच. आणि तो बाजाराचा दिवस आला. आत्या वस्तीला येणार होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन निघणार होती.

त्या दुपारी घोटता घोटता मावशीचा हात फळीवर आपटला आणि काचेची बांगडी तुटून पडली.

“मावशी, बांगडी वाढली,” मी म्हणाले.

“वाढली? चार तुकडं झालं की गं.”

“फुटली म्हणू नये. वाढली म्हणायचं असतं.”

“हां. आन् ओझरच्या गणपतीला नारळ?”

“तोपण वाढवायचा.”

“कुंकवाचा करंडा रिकामा झाला तर?”

“कुंकू वाढलं.”

मावशीला हे सगळं ठाऊक होतं. सारा जन्म आमच्यातच गेला होता तिचा. तरी तिनं दगड बाजूला ठेवला.

“म्हंजे पल्याडचीच बोली ही! उलटी. तुटलं की वाढलं म्हनायाचं.” मग थोडं थांबून, माझ्याकडं न बघता ती म्हणाली, “तितं निगताना काय म्हनत्यात ठावं हाय?”

मी मान हलवली.

“जाते म्हनत्यात. जाते म्हंजे येते. तुज्या आईला यायची वाटतं ती बोली.”

मी ते चार तुकडे जुळवून पुन्हा गोल करून पाहिला. मग विचारलं, “मग ती आली का नाही?”

मावशीनं तुकडे पदरात गोळा केले. “गाडी लई लांबची हाय, बेटा. माजी जैबू पन आजून आली न्हाई.”

ढेंकी थांबली. इतका वेळ तो आवाज असतो हेच मी विसरले होते. थांबला तेव्हा कळलं. चाचा लाकडावर पाय ठेवून तसेच उभे होते, पाठमोरे. त्यांची एकुलती एक जैबुन्निसा पलेगाच्या पहिल्या साथीत गेली, हे मला पुढं कुणीतरी सांगितलं. पण मला त्या दुपारीच कळलं होतं. मी उठले आणि मावशीच्या मांडीवर डोकं ठेवलं. मग ढेंकी पुन्हा सुरू झाली, हळूहळू.

संध्याकाळी मावशी आमच्या अंगणात आली.

“चांगदेवभाऊ, उद्या निगताना ‘जातो’ म्हना. मग पोर तोंड न्हाई दाबायची.”

आबा दोन पावलं मागं सरले. “भाबी, काय बोलताय! गाडीवानाचा धंदा माजा. घाट, नद्या, रानातली वाट. असलं अभद्र माज्या तोंडून न्हाई निगायचं.”

“मग पोर घाटघरला जाईल.”

“जाईल तर जाईल,” आबा म्हणाले, आणि वैरण टाकायला गेले. रात्री ते जेवले नाहीत.

सकाळी आत्या माझं गाठोडं काखेत मारून तयार. आबांनी बैल जुंपले. मी त्यांच्यापाशी गेले. त्यांनी खाली वाकून माझ्या हातापुढं तोंड केलं, नेहमीसारखं. मी हात उचलला, पण या वेळी दाबला नाही. नुसती बघत राहिले. आबांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी एकदा शिवनेरीकडं पाहिलं, एकदा पलीकडच्या दारात उभ्या असलेल्या मावशीकडं.

“भागू,” ते म्हणाले. त्यांनी पालथ्या हातानं घाम पुसला. मग पुन्हा म्हणाले, “भागू, जातो गं.”

“दादा!” आत्याच्या काखेतलं गाठोडं खाली पडलं. “आरं काय बोललास! थुक! आदी थुक म्हनते ना!”

“जा,” मी म्हणाले.

आबा गाडीवर चढले. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, चाकांमागं धुळीचा शेंडा उठला आणि हळूहळू खाली बसला. आत्या दारातच ठाण मांडून बसली. “आता तो येईस्तवर मी कुटं जात न्हाई. आन् त्याला काय झालं, तर त्या कागदीनीला बगते.” ती आबा येईपर्यंत थांबली. रोज संध्याकाळी दिवा लावून ती वाटेवर जाऊन उभी राहायची. मी जायची नाही. मला माहीत होतं.

आबा आले तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं माखलेले होते. आत्यानं आधी भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग रडली, आणि दुसऱ्या दिवशी घाटघरला निघून गेली, एकटीच. जाताना दोनदा ‘येते’ म्हणाली.

आत्या पुष्कळ जगली. तिची नातवंडं आजही घाटघरला आहेत. आबांनी मोटारी येईपर्यंत गाडी हाकली, आणि ते घरातच, झोपेत गेले. गिरणीचा कागद स्वस्त झाला तशी चाचांची ढेंकी बंद पडली. पुढं ते बाजारात चिंध्याच विकत. माझं सासर खोडदचं. मावशी आजारी आहे असा निरोप आला तेव्हा मी दोन लेकरांची आई होते. मी पोचले तर ती भिंतीकडं तोंड करून पडलेली. खाली उतरलेला तो खांदा पांघरुणातूनही ओळखू येत होता. मी कपाळावर हात ठेवला. तिनं डोळे उघडले, आणि तोंडभर हसली.

“भागू, जाते गं,” ती म्हणाली.

मी म्हणाले, “जा.”

शेंडेनक्षत्र परवा पुन्हा येऊन गेलं. नातवानं मला हौसेनं गच्चीवर नेलं. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. काही दिसलं नाही. पण मी बराच वेळ कान देऊन उभी होते, बैलांच्या घुंगरांचा आवाज येतो का म्हणून.

आता कुठं दवाखान्यात, कुठं लग्नाकार्याला मला धरून नेतात. निघताना माझ्या तोंडून जुनी सवय बाहेर पडते. सून दचकते, आणि मला हळूच सांगते, “अहो आई, जाते काय म्हणता? येते म्हणा.”

मी तिला म्हणते, “तेच तर म्हणते आहे.”