आत्या घरात असताना

ताईचा गर्भाशयाचा कॅन्सर पसरला, तेव्हा कंपाल्याच्या डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं. सोबत दुखण्यावरचं गुलाबी औषध दिलं. ते घेतलं की तिला झोप लागायची. पण नुसती झोप घेऊन ती काय करणार? तिला जगायचं होतं.

म्हणून ती टेकडीवरच्या एका उपदेशकाकडे गेली. आम्ही टोरो माणसं एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारत नाही. लहानपणी घरच्या वडीलधाऱ्यांनी दिलेलं मायेचं नाव, एम्पाको, त्याने हाक मारतो. आमचा नमस्कार तोच आणि आशीर्वादही तोच. ताईचं नाव काबासिंगुझी, एम्पाको अब्वोली. उपदेशक तिला म्हणाला, "ही सैतानाची नावं. हे एम्पाको टाक, औषध टाक, मग देव हात लावेल."

तिने दोन्ही टाकलं.

कुणी अब्वोली म्हटलं की ती भिंतीकडे तोंड फिरवायची. कळ आली की चादर दातांत धरायची. अंगाला वास येऊ लागला, तशा शेजारणी दारातूनच विचारपूस करून परतू लागल्या. माझं एम्पाको अराली, पण मला ती तसं म्हणेना. शाळेतल्या मास्तरासारखी नुसतं नाव घेऊन "रुआबुहिंगा" म्हणायची. एकदा मी बळेच औषध पाजायला गेलो, तर तिने चमचा भिरकावला.

"मला नरकात ढकलतोस का रे?"

"नरक याहून वेगळा असतो का, ताई?" मी म्हणालो.

अशातच मला मुलगी झाली. माझी बायको, अत्वोकी, हट्टाला पेटली. "आत्या घरात असताना दुसरं कोण एम्पाको देणार?"

"ती नाही म्हणेल."

"म्हणू दे. माझ्या पोरीच्या तोंडावर म्हणून दाखवू दे."

एम्पाको देण्याच्या दिवशी नाचणीचे गोळे आणि धुरावलेलं मांस तयार झालं, माणसं अंगणात बसली. अत्वोकी पोरीला घेऊन थेट ताईच्या खोलीत शिरली. मी दारात थांबलो.

"बाहेर ने तिला!" ताई किंचाळली. "मी सडतेय, दिसत नाही का तुला?"

"मी ओली बाळंतीण, ही सकाळपासून दूध ओकतेय. कुणाचा वास कुणाला येणार, वन्सं?"

तेव्हा ताईचा बांध फुटला. "त्याने सांगितलं ते सगळं केलं गं मी. नाव टाकलं, औषध टाकलं. अजून काय हवंय त्या देवाला? माझ्यापाशी आता उरलंय काय?"

अत्वोकीने पोरीला ताईच्या कुशीत ठेवलं आणि स्वतः खाली जमिनीवर बसली. पोरगी चाचपडत ताईच्या काखेशी तोंड नेऊन थांबली. ताई तिच्याकडे बघत राहिली.

"कान बाबांचे आहेत," ती हळूच म्हणाली.

"बाबांचं एम्पाको काय होतं?" अत्वोकीने विचारलं.

"अकीकी." ताईने पोरीचा कान चिमटीत धरला. "हे सैतानाचं असेल, तर बाबा कोण होते?"

"ते तुम्हालाच ठाऊक. मी त्यांना पाहिलं नाही."

"भांडकुदळ होते. शेळीशीसुद्धा भांडायचे." ताई हसली, आणि हसतानाच कळ आली. पोरीला लागू नये म्हणून तिने कूस वळवली नाही, तशीच सोसत राहिली. कळ ओसरल्यावर पोरीच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "अकीकी."

"अब्वोली, औषध देऊ?" अत्वोकीने विचारलं.

ताईने डोळे मिटले. "दे. अराली दारात रडत उभा आहे, त्याला बाटली आणायला सांग."

ती बरी झाली नाही. औषध पुरायचं नाही तेव्हा ती देवाला शिव्या घालायची, आणि मी थांबवायचो नाही. पण अत्वोकीला आत बसलेली बघून शेजारणीही आत यायला लागल्या. एकजण केस विंचरायची, एकजण कपडे बदलून चादर धुवायची, आणि दोघी आल्यागेल्याची निंदा करत बसायच्या. ताईला ती निंदा फार आवडायची. एकदा म्हणाली, "अराली, मी देवाला टेकडीवर शोधत होते. तो तर माझी चादर धुवून गेला."

नाचणीच्या काढणीत ती गेली. माझा देवावरचा राग अजून गेलेला नाही. तरी संध्याकाळी अत्वोकी प्रार्थनेला बसली की मीही जाऊन तिच्याशेजारी बसतो.