चुकांचं रीळ

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो, आणि चौऱ्याहत्तर साली बसलेला धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. डोक्यावर दोन रिळं, पोटात सेल आणि पुढे एक तांबडं बटण. ते दाबलं की समोरचा माणूस बोलेल ते फितीवर उतरतं. निवडानिवड करणं माझ्या स्वभावातच नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे झालं त्याचा आळ माझ्यावर यायला नको.

माझे मालक शेषराव मास्तर. मालेगावच्या शाळेत मराठी शिकवायचे आणि विद्यापीठासाठी अभ्यास करायचे. घरी दुसरी बोली बोलणारी माणसं मराठी शिकताना कुठे चुकतात, हा त्यांचा विषय. माझं त्यांना भारी कौतुक! एस.टी.त मला मांडीवर घेऊन बसत. कोणी टेकलं की म्हणत, "जरा सरका न भाऊ! मशीन हाय." मी आपला फुगायचो.

जवळच्या बंजारा तांड्यावर नानीबाई राहायची. घरात ती गोरमाटी बोलायची. मराठी बाजारात आणि वावरात, नुसत्या कानांनी शिकलेली. तांड्यावर बालवाडी निघणार होती आणि नानीबाईला तिथली बाई व्हायचं होतं. मुलांची बोली येते, मराठीही येते, आणखी काय पाहिजे?

मास्तरांनी तिला माझ्यासमोर बसवलं. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून ती दचकून मागेच सरकली. "अवो माय! हे मी बोलून राह्यली?" मग मात्र तिला रंग चढला. तासभर बोलली. शेळ्यांचं सांगितलं, सासरचं सांगितलं आणि शेवटी मुलांसाठी जपून ठेवलेली कोल्ह्याची गोष्ट सांगितली. मास्तर पोट धरून हसले. मलाही ती गोष्ट फार आवडली.

आणि एके दिवशी मास्तरांनी ब्लेड काढलं. नानीबाई जिथे जिथे चुकली होती, "पाणी आली" म्हणाली होती, "माझा साडी" म्हणाली होती, तेवढेच तुकडे त्यांनी कापले आणि चिकटपट्टीने एकापुढे एक जोडले. बाकीची फीत चपलांच्या खोक्यात कोंबली. तासाभराचं बोलणं चार मिनिटांवर आलं. मला वाटलं, असेल काही अभ्यासाचं. मला मेल्याला काय कळतंय!

पुढे बालवाडीची बाई ठरवायला शाळेत बैठक भरली. अध्यक्ष जानराव, गावातली आठ-दहा माणसं आणि मागे दाराशी नानीबाई. मास्तरांना वाटलं, आपला अभ्यास ऐकवावा, लोकांना उपयोगच होईल. भाबडा माणूस! त्यांनी नेमकं तेच रीळ चढवलं.

एक चूक. लगेच दुसरी. लगेच तिसरी. मध्ये श्वासाएवढीही जागा नाही. आधी कोणी खुदकन हसलं, मग सगळी बैठकच हसायला लागली. जानराव डोळे पुसत म्हणाले, "मास्तर, हे बाई पोराईले शिकवन? पोरं हाय तेवढं इसरतीन!"

माझी चाकं फिरतच होती, मला थांबता येईना. अरे देवा! आवाज तिचाच होता, पण अशी ती कधी बोललीच नव्हती! मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. बटण बंद करायचंही त्यांना सुचेना. चार मिनिटं पुरी झाली, तेव्हाच मी थांबलो.

नानीबाई दारातून पुढे आली. "मास्तर, मी कोल्ह्याची गोष्ट सांगतली होती. थे कुठी हाय?"

"ते... ते कापलं, नानीबाई."

"काहून?"

मास्तरांनी मान खाली घातली. "त्याच्यात चूकच नव्हती."

जानरावांनी हसायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं.

"मंग आता ऐका," नानीबाई म्हणाली आणि तिने उभ्या उभ्या गोष्ट सुरू केली. दोनदा चुकली. कोणाच्या ध्यानातही आलं नाही, कारण जानराव पुढे सरकून "मंग? मंग काय झालं?" विचारत होते. बालवाडी तिलाच मिळाली.

मास्तरांनी मात्र स्वतःला माफ केलं नाही. खोक्यातला तुकडा न् तुकडा काढून ती फीत पुन्हा जोडायला त्यांना आठवडा लागला. मग मला घेऊन तांड्यावर गेले, बालवाडीतल्या मुलांसमोर बसले आणि म्हणाले, "नानीबाई, आता मले तुमची बोली शिकवा." तेव्हा भरलेल्या नव्या रिळात मास्तर एकोणीस वेळा चुकले आहेत. मुलं खिदळतात, नानीबाई सांगते, मास्तर पुन्हा म्हणतात. त्यातलं एक अक्षर त्यांनी कापलं नाही.

आता मास्तर नाहीत. मी शाळेच्या कपाटावर पडून आहे, सेलांच्या जागी गंज चढलाय. माझी धूळ पुसा, बरं वाटेल मला. पण मित्रांनो, कोणी तुमची भाषा शिकत शिकत तुमच्याशी बोलत असेल, तर त्याला मध्येच कापू नका रे. माझ्याजवळच नानीबाईचं ते जोडलेलं रीळ आहे. लावलंत तर जोडापाशी दरवेळी खट्ट वाजेल. तेवढं सोसा, कोल्ह्याची गोष्ट शेवटी आहे.