दुसरी डिस्क

जर्मनीत, एश्बॉर्नमध्ये मी एका फर्मच्या सर्व्हरवरचा डेटा सांभाळतो. कोणाची डिस्क गेली की त्या हवालदिल माणसाला मी शांतपणे विचारतो, "बॅकअप कुठे आहे?" हे विचारताना मला मजा यायची, खोटं कशाला बोलू.

घरच्या कपाटातला माझा स्टोरेज सर्व्हर नऊ वर्षांचा, चार डिस्कचा. एक डिस्क मेली तरी उरलेल्या तिन्हींवरून सगळं परत उभं राहतं. त्यात मीनल होती. माझी बायको. ती दोन वर्षांपूर्वी गेली, आणि तिचे चौदा वर्षांचे फोटो, व्हिडिओ, आवाज, सगळं तिथे होतं.

शनिवारी सकाळी एका डिस्कचा दिवा लाल झाला. मी नवी आणली, जुनी काढली, नवी बसवली. डोळे मिटून करावं असं काम. तिच्यात डेटा भरायला सुरुवात झाली, मी चहा टाकला. दुपारी, बासष्ट टक्के झाले असताना दुसरी डिस्क गेली. चारही एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणलेल्या. एक थकली तर बाकीच्या किती ताज्या असणार? ऑफिसात हेच मी नवीन लोकांना बजावतो.

लॅबने तीन आठवडे डिस्क ठेवून घेतल्या आणि दोन ओळींत कळवलं, की आतल्या चकत्यांवर ओरखडे आहेत, काही निघणार नाही.

बाकी कुठे काहीच नव्हतं, आणि ही करणी माझीच. मीनल गेली त्या आठवड्यात पुण्यातल्या कोणीतरी तिचा हॉस्पिटलमधला व्हिडिओ गाणं लावून स्टेटसला ठेवला. माझं डोकं सटकलं. एकेकाला फोन करून झापलं, माझ्या बायकोचं जे काही असेल ते आत्ताच्या आत्ता डिलीट करा, माझ्याकडे सगळं सुरक्षित आहे. क्लाउडवरचं मी स्वतः पुसलं. तिचा फोनही कोरा केला. इथे राहून राहून डाटनशुट्झ माझ्या अंगात भिनलंय, कोणाची खासगी गोष्ट कोणाच्या हाती लागता कामा नये. मीनलच्या आईलाही मी सोडलं नाही. त्या एका शब्दाने उलट बोलल्या नाहीत.

आता आशा त्यांचीच. आईचं मन, एखादा तरी लपवून ठेवला असेल, असं तीन दिवस स्वतःला सांगत राहिलो. स्वतःची किळस येत होती. शेवटी फोन केला.

"बोला गुरुदत्तराव. जेवण होतंय ना वेळेवर?"

"हो आई. एक विचारायचं होतं. मीनलचा एखादा व्हिडिओ तुमच्याकडे राहिला असेल का?"

"छे हो. तुम्ही सांगितलंत ना. शेजारच्या ऊर्मिलाला बसवून घेतलं आणि सगळे काढून टाकले. एकेक शेवटचा बघायचा आणि काढायचा. दोन दिवस लागले."

मग त्याच पुढे म्हणाल्या,

"मीच तुम्हाला फोन करणार होते, पण धीर होत नव्हता. रागावू नका हं. तिचा आवाज मला आता नीट आठवत नाही. तुमच्याकडचा एकच पाठवाल का? ऐकून लगेच काढून टाकीन."

"पाठवतो," मी म्हणालो.

"मग मी फोन हातातच ठेवते," त्या म्हणाल्या.