उडीपुरतं आभाळ

कुसळी गवताचं बी ओलाव्यानं फिरतं.

सुईच्या अग्रासारखं टोकदार बी, त्यावर तांबूस लव, आणि मागं बोटभर लांबीची, पिळदार, काळसर शेपटी. हवा कोरडी असली की पीळ घट्ट. सांजेचा दमटपणा शिरला की पीळ उलगडू लागतो. इतका सावकाश, की पाहणाऱ्याला आधी आपल्याच डोळ्यांचा संशय यावा. पीळ उलगडताना बी स्वतःभोवती फिरतं आणि टोक खाली खाली रुतत जातं. याला जीव असावा लागत नाही. गवत वाळून, मरून वर्ष लोटलं तरी शेपटीला ओल कळते.

भाद्रपदाच्या उतरत्या उन्हात असं एक बी आबासाहेबांच्या धोतराच्या घडीत, गुडघ्याच्या थोडं वर, उभं राहिलं होतं. फिरत होतं. अजून कुणाचं लक्ष नव्हतं.

दगडी गडग्यापलीकडे माळ पसरला होता, उतरत्या उन्हानं जुन्या पितळेच्या रंगाचा झालेला, क्षितिजापर्यंत एकसंध, वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीसरशी कूस बदलणारा. पलीकडे अजून ऊन होतं. अलीकडे, रमण्यात, घराण्याच्या राखीव शिकारी कुरणात, सांज लवकर होई. झाडांनी ती आधीच आणून ठेवलेली असे.

करंजाखाली दगडी पार. पारावर आबासाहेब, मंददृष्टी, शुभ्रकेश, एक हात सदैव खोडावर टेकलेला. शेजारी त्यांची मुलगी चारुशीला. वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता तिचे केस पिकू लागले होते. वडिलांची नजर विझू लागली तशी नोकरी सोडून ती या शिकारकोठीत राहायला आली. रोज सायंकाळी दोघं इथं बसत. रोज सायंकाळी ते एकच विचारत.

"दिसला?"

आणि ती रोज खरंच बोले. "आज वारा आहे, आबा." "आज ढग उतरलेत." "आज उजेड कमी आहे."

सगळं खरं. आणि जे सांगायचं ते त्या खऱ्याच्या आड, गवतात दबकून बसलेलं.

*

चारुशीलेच्या पणजोबांनी रमण्याचा हा माळ गडग्यात घेतला. तो त्यांना शर्यतीत मिळाला की लग्नात, याच्या दोन कथा होत्या, आणि दोन्ही बहुधा खोट्या असाव्यात. वाघाचं कातडं या कोठीत कधी नव्हतं, सांबराचं शिंग नव्हतं. इथं शिकार पाखरांची. करड्या पहाटेचे तित्तर, पायाखालून फुटणारे लावे, पाण्यावर टोळीनं उतरणाऱ्या पखुर्ड्या. आणि वर्षातले मोजके आठवडे, श्रावण-भाद्रपदाच्या हिरव्या उंचीवर, तणमोर.

मखमली काळा, खांद्यावर धवल पट्टा, मस्तकामागं फितीसारखी वळलेली पिसं. गवतात उभा राहिला की गवताचाच होऊन जाई. मग मादीला दिसावा कसा? म्हणून तो उडी घेई. सरळ वर, पंखांचा फडफडाट करीत, गवताच्या शेंड्यांवर एक क्षण. आणि पुन्हा गवतात. एकाच जागेवरून, पुन्हा वर. उन्हात, भुरभुरत्या सरीत, ढगाच्या सावलीत, पुन्हा वर. सारा माळ त्या काळ्या-पांढऱ्या स्पंदनांनी धडधडत असे.

त्या उडीसाठी पाहुणे येत. कापडी खुर्च्या गवतात मांडल्या जात, चांदीच्या पेल्यांत सरबत फिरे. आणि या घराची एक रीत होती, अभिमानानं जपलेली: बसलेलं पाखरू मारायचं नाही. उडत्या पाखरावरही घाई नाही. उडीच्या माथ्यावर, जिथं ते ना चढत असतं ना उतरत, जिथं आभाळ त्याला क्षणभर हातावर झेलून धरतं, तिथंच नेम.

त्या क्षणासाठी माळ राखला जाई. दसऱ्यानंतर एका पट्ट्यात विळा, दुसऱ्यात धनगरांची मेंढरं, तिसऱ्याला विश्रांती. पुढच्या साली पट्टे फिरायचे. झाड उगवलं की उपटायचं. काटेरी झुडूप दिसलं की खणायचं. गवत पाखराच्या छातीइतकं हवं, त्याच्या स्वप्नाइतकं नको, असं आजोबा म्हणत. मारण्यासाठी राखलेला माळ. पण राखलेला.

*

आबासाहेब तेव्हा आबासाहेब नव्हते. पंचक्रोशीत ज्यांच्या नेमाचं नाव होतं, असे तरुण रणजितराव होते. संस्थानं गेली, पाहुणे पांगले, बंदूक उरली.

एका भाद्रपदातल्या सकाळी त्यांचा नेम चुकला. कधी नव्हे तो. बार हवेत विरला, धुराची निळसर वेल वर चढली, पाखरू गवतात बुडालं. गेलं, असं समजून त्यांनी बंदूक खाली केली.

आणि गवताच्या त्याच बेटातून, त्याच जागेवरून, ते पुन्हा उडालं.

त्याला बंदूक कळली नव्हती. बार कळला नव्हता. त्याला फक्त गवताची उंची कळत होती, आणि पलीकडे कुठंतरी पाहणारी मादीची करडी मान. रणजितरावांना हसू आलं. हसता हसताच हात उठला, सवयीनं, सुंदर सफाईनं. आणि उडीच्या माथ्यावर आभाळाचा तळहात रिकामा झाला.

पाखरू हलकं लागलं हाताला. फितीसारखी पिसं वाऱ्यानं हलत राहिली, बराच वेळ.

त्यानंतर त्यांनी बंदूक हाती धरली नाही. फाटकाला कुलूप घातलं. विळा बंद. मेंढरं बंद. आता इथं कुणी कुणाला त्रास द्यायचा नाही, म्हणाले. आणि ज्या बेटातून ते पाखरू दुसऱ्यांदा उडालं होतं, तिथं त्यांनी स्वतःच्या हातानं करंजाचं रोप लावलं. जिला आपण फक्त ऊन आणि शिसं दिलं, त्या जमिनीला सावली द्यावी म्हणून.

मग दुसरं रोप. मग रांग. मग गिरिपुष्प, सुबाभूळ, जे जे लवकर वाढे ते. उन्हाळ्यात खांद्यावर कावड घेऊन ते विहीर आणि रोपं यांमध्ये फिरत राहत. चारुशीलेची आई कोठीच्या ओट्यावर धान्य निवडताना म्हणे, "लोक पाप धुवायला काशीला जातात. आमचे हे त्याला पाणी घालून वाढवतायत." आणि मग स्वतःच उठून दोन घागरी नेऊन देई. ती गेली. तिचा विनोदही गेला. झाडं वाढली.

झाडं वाढली, आणि फांद्यांवर ससाणे बसू लागले, कावळे बसू लागले. गवताला न विळा, न दात. ते म्हातारं झालं, आडवं झालं, स्वतःच्याच पेंढ्याखाली गुदमरलं. सावलीत कुसळी उगवेना. सावलीत टोळ होईनात. तणमोर पहिली काही वर्षं आले, गडग्याशी घुटमळले; एक उडी, दुसरी उडी, आणि मस्तकावर फांदी.

त्यांना निवारा नको होता. त्यांना उडीपुरतं आभाळ हवं होतं.

बंदुकीनं जे केलं नाही ते मायेनं केलं, हे चारुशीलेला इथं राहायला आल्या सालीच कळलं होतं. पानांतून किती ऊन खाली उतरतं, पेंढ्याखाली किती अंकुर मरतात, हे तिनं पाहिलं होतं, पुन्हा पाहिलं होतं. निष्कर्ष काचेसारखा स्वच्छ होता. पण त्या काचेपलीकडे कावड घेऊन चालणारा एक माणूस दिसे. खोडावर टेकलेला तो हात दिसे. या वयात माणसाच्या हातून बंदूक काढून घेता येते; त्याचा पश्चात्ताप कसा काढून घ्यावा?

एक भाद्रपद गेला. दुसरा गेला. वारा होता. ढग होते.

*

त्याच दिवशी, दुपार कलताना, ठकूबाई गडग्यापाशी आली होती. पिढ्यान् पिढ्या याच रमण्यात चरलेल्या कळपाच्या घराण्यातली धनगरीण, रापलेली, चांदीच्या गोठांची, बोलायला लागली की मेंढरांनाही थांबवणारी. फाटकाला अजून कुलूपच होतं. ती नेहमीसारखी गडगा ओलांडून आली आणि पाराच्या पायरीवर बसली.

"आबासायेब, थंडी वाजतीया जनू," म्हणत तिनं खांद्यावरची घोंगडी काढून त्यांच्या गुडघ्यांवर टाकली. "घ्या. मेंढराचा वास यील जरा."

"तुझ्या तंबाखूपेक्षा बरा येतोय," आबासाहेब म्हणाले.

ती खुदकन हसली, तोंडावर पदर धरून. मग चारुशीलेकडे वळली. आवाज तोच, पण हसू खाली ठेवून.

"आक्का, तुमचा पावना पलीकडच्या माळावर हाय. एकलाच. सकाळधरनं उड्या मारतोय. कुनी बघाया न्हाय, तरी मारतोय बापडा."

चारुशीलेनं वडिलांकडे पाहिलं. डोळे मिटले होते. डुलकी लागली असावी.

"खरंच तोच?"

"म्या काय कोंबडा बघितलाय व्हय? पर औंदाच. पुढल्या साली न्हाय. त्या माळावर खांब रवत्यात, सोलरचं. निम्म्या माळात रवून झालं. मग त्यो कुठं जायाचा? तुमच्या ह्या मांडवात?" तिनं वर, करंजाच्या घनदाट छताकडे पाहिलं. "हितं त्याचं डोकं फुटंल."

 ठकूबाईनं आबासाहेबांच्या गुडघ्यांवरची आपली घोंगडी उचलली, झटकली.

"तुमी शिकल्याली मानसं. इच्यार करा. मानूस इच्यार करतंय तवर गवात काय थांबत न्हाय," म्हणाली, आणि गडगा ओलांडून आपल्या ढगासारख्या कळपात मिसळून गेली.

घोंगडीच्या लोकरीत गेल्या कार्तिकापासून अडकून राहिलेलं एक बी मागं उरलं होतं.

*

आता ऊन गडग्याच्या माथ्यावर आलं होतं. गार झुळूक आली, ओल घेऊन. शेपटीचा पीळ आणखी अर्धा वेढा उलगडला, आणि टोक धोतरातून पार झालं.

"टोचलं काहीतरी," आबासाहेब म्हणाले.

खोडावरचा हात पहिल्यांदाच खाली आला. बोटांनी घडी चाचपली, बी सापडलं, चिमटीत धरलं. दृष्टीनं जे सोडलं होतं ते त्या बोटांनी अजून सोडलं नव्हतं. त्यांनी ते तळहातावर ठेवलं आणि थांबले. तळव्यावर बी फिरत होतं, हळू, इतकं हळू.

"कुसळ," ते म्हणाले. चेहऱ्यावर कुठल्यातरी जुन्या सकाळचा उजेड आला. "लहानपणी पायमोज्यांतून काढता काढता रडू यायचं. किती वर्षांनी. आपल्या रमण्यातलं आहे ना?"

चारुशीला त्या फिरत्या शेपटीकडे पाहत राहिली. वारा होता. ढग होते. उजेड कमी होता.

"नाही, आबा."

"मग?"

"ठकूच्या घोंगडीतलं. पलीकडच्या माळावरचं. आपल्याकडे कुसळी उगवत नाही आता."

"का?"

इतका लहान शब्द. तो जणू गवताच्या वर एक क्षण थांबला, ना चढत, ना उतरत.

"तिला सावली सोसत नाही," ती म्हणाली. "आणि जिथं कुसळी नाही, आखूड गवत नाही, वर मोकळं नाही, तिथं तो येत नाही. वाऱ्यामुळं नाही, आबा. ढगांमुळं नाही. मी तुम्हाला रोज दुसरंच काहीतरी सांगत राहिले."

 पलीकडून, फार दुरून, मेंढरांच्या गळ्यातली घंटा किणकिणली. करंजाची पानं एकमेकांवर घासली, ओली, दाट, तृप्त. त्या आवाजात सगळ्या कावडी होत्या, सगळे उन्हाळे, ओट्यावरचं एक हसू होतं. म्हाताऱ्या चेहऱ्यातून काहीतरी पार झालं आणि आत खोल कुठंतरी रुतलं. तिला ते दिसलं. तिनं नजर काढून घेतली नाही.

ते म्हणाले, "ठकू म्हणत होती. एकटाच उड्या मारतोय."

"तुम्ही ऐकलंत?"

"पापण्या मिटल्या होत्या, कान नाही. मला वाटलं, गडग्याच्या एवढा जवळ आला, तर आज ना उद्या आत येईल. कुठल्याही झाडाखाली जागा घेईल." ते थांबले. "त्या दिवशीही मला पाखराचं काही कळलं नव्हतं."

तिनं त्यांच्या तळहातावर आपला हात ठेवला. दोन तळव्यांच्या मधल्या उबदार अंधारात बी फिरायचं थांबलं होतं की नव्हतं, कुणास ठाऊक.

"सगळी काढावी लागतील?"

"सगळी नाही. विहिरीकडची राहू देत. मधली सगळी. मग ठकूला बोलवायचं. मग विळा. एक पट्टा कापायचा, एक चरायचा, एक राखायचा. पणजोबांसारखंच, फक्त खुर्च्या मांडायच्या नाहीत."

ते किंचित हसले. मग तोंड तिच्याकडे वळलं, धूसर नजरेचं, सरळ, नेम धरल्यासारखं.

"सुरुवात कुठून?"

त्यांचा दुसरा हात पुन्हा खोडावर गेला होता, नकळत, सवयीनं. सालीच्या भेगांवरून फिरत होता, जशी बोटं ओळखीच्या पाठीवरून फिरतात. रमण्याच्या ऐन मध्यावर ते झाड. जिथून पाखरू पहिल्यांदा उडालं होतं. जिथून ते दुसऱ्यांदा उडालं होतं. वर पानांचं हिरवं, निबिड, निश्चल छत. आणि पानापानांच्या फटीत, कवडीएवढं, काचेच्या तुकड्याएवढं, तळहाताएवढं आभाळ.

चारुशीलेनं वर पाहिलं. मग त्या हाताकडे.

"इथून, आबा," ती म्हणाली. "हेच आधी. आपण बसलोय ते."