चार नंबरची विहीर

बाबांनी विहिरीत मीठ टाकलं ते पाहुणे येणार म्हणून टाकलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे लोक त्यांना वेडा म्हातारा म्हणाले आणि मी ते गुमान ऐकून घेतलं.

आमचं गाव मध्य प्रदेशातल्या सौंसर तहसिलात, रामाकोन्यापासून थोडं आत. गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्ध वस्ती, वस्तीच्या टोकाला आमचं तीन एकर शेत, त्यात संत्र्याची ऐंशी झाडं आणि ही विहीर. तीन वर्षांपूर्वी एका कंपनीने जमिनीखालचा गॅस शोधायला नाल्यापलीकडची जागा घेतली. खोदकाम सुरू करण्याआधी आसपासच्या विहिरींचं पाणी तपासून नोंद ठेवायची, असा नियम. उद्या पाणी बिघडलं तर आधी कसं होतं आणि आता कसं आहे हे ताडून पाहता यावं. नियम चांगला आहे. मी आजही म्हणते, चांगला आहे.

हे काम नागपूरच्या ज्या प्रयोगशाळेला मिळालं, तिथे मी पांढुर्ण्याला बी.एस्सी. करून नुकतीच लागले होते. बाटल्या भरायच्या, त्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, फॉर्म लिहायचे. गळ्यात फोटोचं कार्ड. ते कार्ड सुट्टीच्या दिवशीही घालून मी वस्तीतून फिरले आहे, आता सांगायला कसली लाज.

नकाशावर आठ विहिरी ठरल्या आणि चौथ्या नंबरवर आमची आली. त्यात माझा काही हात नव्हता. खोदकामाच्या जागेला सगळ्यात जवळची, रोज वापरातली विहीर तीच होती. पण बाबांना हे कोण पटवणार? हिरामण गजभियेच्या दीपालीने सरकारला आपल्या विहिरीवर आणलं, ही बातमी त्यांनी स्वतःच रामाकोन्याच्या बाजारापर्यंत पोचवली.

कुणालाही हसू येईल. मला येत नाही. बाबा लहान असताना वस्तीला विहीर नव्हती. गावच्या विहिरीपासून लांब, आपल्या आईच्या बाजूला ते रिकामी घागर घेऊन उभे राहायचे, कुणी तरी येऊन वरून पाणी ओतेपर्यंत. कधी कधी सकाळची दुपार व्हायची. मग आजोबांनी आणि त्यांच्या दोन भावांनी तीन उन्हाळे खपून ही विहीर खणली. पाणी असं लागलं की आटायचं नाव नाही. पण वरच्या आळीतला कुणी येऊन ते पाणी प्यायला, असं बाबांना आठवत नव्हतं. आणि आता साहेब लोक गाडी करून, बर्फाच्या पेटीत घालून तेच पाणी नागपूरला नेणार होते.

त्या दिवशी मी कंपनीच्या गाडीतून आमच्या मुकुंदरावांबरोबर उतरले. मुकुंदराव पांढुर्ण्याचे, वीस वर्षं हेच काम करणारे, शांत माणूस. विहिरीच्या कठड्याला चुना मारलेला. पायरी धुतलेली. आईने समोर रांगोळी काढलेली. बाबा इस्त्रीचा सदरा घालून उभे आणि मागे अर्धी वस्ती.

बाबांनी मला बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा उजळला होता.

"दोन दिवस मोटर लावून उपसली," ते हळूच म्हणाले. "मी अन् शेजारच्या अमोलनं खाली उतरून गाळ काढला. मंग काल दहा किलो मीठ टाकलं. माही माय टाकत जाय ना, तसंच. किडेमकोडे मरतेत, पानी निर्मय होते. पाह्य कसं काचेवानी दिसून राहिलं!"

मी वाकून पाहिलं. पाणी खरंच सुंदर दिसत होतं. तळाचा खडक दिसत होता.

फॉर्मवर सातवा प्रश्न होता: गेल्या तीस दिवसांत विहीर उपसली आहे काय, पाण्यात काही टाकलं आहे काय? 'होय' लिहिलं की ती विहीर बाद. मग तिच्या जागी दुसरी घ्यायची, आणि दुसरी म्हणजे वरच्या अंगाची रघुनाथराव पाटलांची. महिनाभर थांबायला कंपनीला वेळ नव्हता.

मुकुंदरावांनी कठड्याकडे पाहत विचारलं, "दीपाली, विहीर साफबिफ केली काय यांनी?"

बाबा पाच पावलांवर उभे होते. त्यांच्या हातात पितळेचा लोटा होता, घासून चकचकीत केलेला. आता यांना काय सांगू, की बाबा, तुमची विहीर चालत नाही, पाटलांची चालते?

"नाही सर," मी म्हटलं. "आमची विहीर अशीच राहते नेहमी."

आणि मी सातव्या प्रश्नापुढे 'नाही' लिहून खाली सही केली. मी रसायनशास्त्र शिकलेली मुलगी. मिठाने पाण्यातला क्षार वाढतो हे मला माहीत नसेल तर कुणाला असेल? पण मला वाटलं, हे कागद कोण उघडून बघतो. आठ विहिरींत एकीचा आकडा थोडा इकडे तिकडे. एवढं साधं वाटलं मला ते.

बाबांनी लोटा पुढे केला. मुकुंदरावांनी दोन घोट घेतले, दुसरा घोट जरा तोंडात ठेवला, मग गिळला.

"थंडगार आहे हो पाणी," ते म्हणाले.

बाबा त्यावर वर्षभर जगले. साहेबानं उभ्या उभ्या आपलं पाणी पिलं, हे त्यांनी किती जणांना सांगितलं असेल, देव जाणे.

पुढच्या पावसाळ्याआधी खोदकाम झालं. गॅसबरोबर खालून पाणीही निघतं, खारं. ते साठवायला कंपनीने नाल्याच्या काठी तलाव केला होता, आत काळं प्लास्टिक अंथरून. दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात ते प्लास्टिक एका कोपऱ्याला फाटलं. किती दिवस पाणी झिरपत होतं ते कुणालाच कळलं नाही. आम्हाला कळलं ते चुलीवर. आईची डाळ शिजेना. चहात दूध टाकलं की फाटायचं. दिवाळीपर्यंत संत्र्याच्या पानांच्या कडा जळाल्या, मग पानं गळाली, मग फळ चिंचोक्याएवढं असतानाच खाली पडू लागलं. ऐंशीतली तीस झाडं त्या हिवाळ्यात वाळली. बाबा एकेका झाडाची साल नखाने खरवडून बघायचे, आत हिरवं आहे का म्हणून.

त्यांनी तक्रार केली. स्वतः सौंसरला जाऊन, स्वतःच्या हाताने लिहून. मी त्यांना लिहू नका म्हटलं नाही आणि लिहा असंही म्हटलं नाही. आमच्याच प्रयोगशाळेने पुन्हा पाणी नेलं. मी त्या दिवशी मुद्दाम सुट्टी घेतली.

बैठक सौंसरला होती. टेबलामागे चौकशी करणाऱ्या मॅडम, एका बाजूला कंपनीची माणसं, एका बाजूला बाबा आणि वस्तीतले चार जण. प्रयोगशाळेच्या वतीने मुकुंदराव आणि मी मागच्या खुर्च्यांवर. मॅडम चांगल्या होत्या. हे मला सांगायलाच हवं, म्हणजे दोष तिकडे ढकलता येणार नाही. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बाबांना समजेल असं सांगितलं.

"हिरामणजी, तुमच्या पाण्यात आज क्षार भरपूर आहे, ते खरं आहे. चारशे साठ. पण खोदकामाच्या आधी चारशे तीस होता. म्हणजे फरक फार नाही. कागदावरून तुमची विहीर आधीपासूनच खारी दिसते."

"खारी?" बाबा म्हणाले. "माही विहीर?"

ते मागे वळले, वस्तीच्या माणसांकडे बघितलं, पुन्हा मॅडमकडे. मला तिथे बसवेना. साठ वर्षं ज्या पाण्यावर जगलो, त्याला भर सभेत कुणी तरी खारं म्हणत होतं, आणि ते म्हणायला कागद दिला होता मी.

मग बाबांच्या लक्षात आलं. ते एकदम हसले, हरवलेली किल्ली खिशातच सापडावी तसे.

"अवो मॅडम, ते तं मीठ होतं! मीच टाकलं होतं आदल्या दिवशी, दहा किलो. साहेब लोक येऊन राहिले म्हणून विहीर साफ केली होती. त्याच्यानं तेवढा आकडा आला. साऱ्या वस्तीले विचारा."

मॅडमनी चष्मा काढला. "असं असेल तर गोष्ट वेगळी आहे. मग ही जुनी नोंदच रद्द होईल. तुमच्या शेजारच्या विहिरीच्या नोंदीशी तुलना करता येईल, पाच नंबरची पन्नासच्या आत आहे. कंपनीला तलाव बंद करावा लागेल, तुमची विहीर दुरुस्त करून द्यावी लागेल." बाबा मान डोलावत होते. मॅडमनी फॉर्म उलटला. "पण इथे तर लिहिलं आहे, विहीर उपसली नाही, काही टाकलं नाही. मग ही नोंद कुणी तरी जाणूनबुजून खोटी केली. अशा माणसाला पुन्हा या कामावर ठेवता येत नाही, गुन्हाही दाखल होतो. सही कुणाची आहे ही?" त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "दी... गजभिये."

बाबांचं डोलणं थांबलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ती एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. कुणीही वळून पाहिलं असतं. त्यांनी समोरच पाहिलं, टेबलाच्या कडेकडे, आणि हात सदऱ्याला पुसले.

"नाही मॅडम," ते म्हणाले. "माह्या ध्यानात नाही राहिलं. मीठ टाकलं ते नंतर. सैंपल नेल्याच्या नंतर टाकलं. आता उमर झाली, आगं-मागं होते."

"हिरामणजी, नीट आठवून सांगा. तुम्ही आत्ताच आदल्या दिवशी म्हणालात."

"नाही. पोरीनं बराबर लिहिलं हाय."

वस्तीतले चौघं चुळबुळले. त्यांनाही कळलं होतं. त्यांनीच तर गाळाच्या टोपल्या ओढल्या होत्या. पण बाबांनी नाही म्हटल्यावर त्यांच्यातला एकही बोलला नाही. मुकुंदराव माझ्याकडे पाहत होते. बहुतेक त्यांना तो दुसरा घोट आठवला असावा.

मी उठायला हवं होतं. 'मॅडम, सही माझी आहे, नोंद खोटी आहे,' एवढंच बोलायचं होतं. मी गळ्यातलं कार्ड मुठीत धरलं आणि बसून राहिले. मी भित्री आहे. याला दुसरा शब्द मी शोधला नाही, शोधणारही नाही. मॅडमनी थोडा वेळ वाट पाहिली आणि शेरा लिहिला: पूर्वीच्या तुलनेत लक्षणीय बदल नाही, दर तीन महिन्यांनी तपासणी चालू ठेवावी.

बाहेर बसची वाट पाहताना मी म्हटलं, "बाबा, मी परत जाते आत. सांगते त्यांना."

"बस्स," बाबा म्हणाले. "कायले सांगतं? विहीर खोदाले तीन उन्हाळे लागले होते. तुले इथवर आनाले पंचवीस वर्स लागले." मग थोड्या वेळाने, "बस आली, चाल."

मी चढले. जबरदस्तीने कुणी चढवलं नव्हतं.

आता वस्तीला टँकर येतो. उरलेली झाडं बाबांनी तोडली नाहीत, तशीच उभी आहेत. आणि दर तीन महिन्यांनी मी गाडीतून उतरून चौथ्या नंबरच्या विहिरीवर जाते. परवाही गेले. बाबांनी बादली सोडून पाणी काढून दिलं, मी बाटली भरली. सातव्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं. आता ते खरं आहे. तिच्यात आता कुणी काही टाकत नाही.

उन्हं चढली होती. मुकुंदराव कठड्यावर टेकले, घाम पुसला. पहिल्या दिवसासारखंच त्यांनी बादलीतला लोटा सहज उचलला आणि तोंडाला लावायला गेले.

बाबा धावले. त्यांनी मुकुंदरावांचा हात धरला, लोटा काढून घेतला आणि पाणी जमिनीवर ओतून दिलं.

"नका पिऊ साहेब," ते म्हणाले. "आमच्या विहिरीचं पानी नाही पेत कोनी."